दोरी

माझ्याकडं डबा आहे. काळा, चपटा,
कुपवाडच्या फौंड्रीतल्या एका फिटरकडून घेतलेला,
त्याच्या पोराची दहावी आली म्हणून स्वस्तात.
हॉलमधल्या टीव्हीला जोडतो.
बाबांच्या बातम्या संपल्या की युद्ध सुरू.

सन्मती चौगुलेकडं कॉम्प्युटर.
स्वतः जुळवलेला, हप्त्याहप्त्यानं, एकेक पार्ट पुण्याहून.
पंखे असे घुमतात की त्याची आई विचारते,
गिरणी चालू केलीस काय रे?

गेम एकच. नकाशा एकच.
कुठल्याशा देशातली नदी, तिच्यावर पूल,
पुलापलीकडं गाव,
गावात आम्ही दोघं एकाच बाजूनं
मारतो, मरतो, परत उभे राहतो.
ती नदी कधी चढत नाही.
आमच्या गावभागात आयर्विन पुलाकडं बघत
फूट मोजत बसायची सवय,
त्यामुळं मला ते पहिल्या दिवशीच खटकलेलं.

वाद रोजचा. भडंग संपेपर्यंत,
मग कागदाच्या घडीतले शेंगदाणे संपेपर्यंत.
तो म्हणतो, अंगठ्यानं नेम धरणं म्हणजे
हातमोजे घालून सुई ओवणं.
वर तुला मशीनच मदत करतंय.
माणूस दिसला की तुझा काटा जाऊन चिकटतो,
गुळाला माशी.
आणि वळतोस तर असा, जसा उसाचा ट्रॅक्टर
दोन ट्रॉल्यांसकट.

मी म्हणतो, आणि तू?
टेबलाला छाती लावून हातभर माऊस घासतोस,
लढतोयस का फरशी पुसतोयस?
जवळ बॉम्ब पडला तर मला तळव्यात कळतं.
तुझ्या हातात मेलेला उंदीर.
तरी तो आकडे सांगतो,
सेकंदाला एकशेचव्वेचाळीस चित्रं,
तुझी साठ, धुरात तर तीसच.
मग मी पूर काढतो.
पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं तेव्हा
डबा बनियनमध्ये गुंडाळून छातीशी धरला
आणि होडीत बसलो.
तुझं धूड उचलायला चौघं लागली असती.
यावर त्याच्याकडं उत्तर नसतं.
विश्रामबागेत पाणी येत नाही, एवढंच म्हणतो.

परवा त्याच्याकडं गेलो.
दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली,
काकू पाणी गाळून कळशीत भरत होत्या.
त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, बस, एकदा बघच.

पुलानंतरचं तिसरं घर.
त्याच्या भिंतीआड मी वर्षभर लपलोय,
मातकट भिंत, मागं हिरवा रंग फासल्यागत गवत.
पण इथं अंगणात दोरी होती.
दोरीवर एक फ्रॉक, एक चादर,
जोडी नसलेले दोन मोजे.
वारा येत होता. चिमटेसुद्धा दिसत होते.

हे कुठनं आलं, मी विचारलं.
आधीपासनं आहे की, तो म्हणाला,
तुझा डबा काढून टाकतो असलं. त्याला ओझं होतं.
आणि माझ्या खांद्यावरून हात घालून
बटण दाबून दाखवलं,
चादरीतून गोळी कशी आरपार जाते.
चादरीला भोक पडलं नाही.

मी घरी आलो. डबा लावला.
तिसरं घर, भिंत, गवत. दोरी नाही.
कितीजणांना मी इथं पाडलंय, मोजलं नव्हतं,
आता मोजता येईना.

काल रात्री दोघं जोडीनं खेळत होतो,
तो तिकडं, मी इकडं, कानात त्याचा आवाज.
पूल ओलांडला. अंगणातून पळताना
माझा सैनिक खाली वाकला आणि पुढं गेला.
सन्मती थांबला.
म्हणाला, वाकलास का रे?
तुझ्याकडं तर तिथं काही नाही.

मी म्हणालो, गोळी आली वाटलं.
बरं, म्हणाला तो,
आणि त्या कपड्यांमधून सरळ पळत आला,
असं मला वाटलं. माझ्या पडद्यावर
तो नुसता मोकळ्या अंगणातून येत होता.

पुढच्या महिन्यात नवीन कार्ड घेणार म्हणतोय.
मी म्हटलं, घे. मग सांग मला
अजून काय काय आहे तिथं.